विश्लेषण : शिकागोच्या वर्गातून नाणेघाटाच्या वाटेकडे… डी. डी. कोसंबींनी परदेशी फेलोशिपचे काय केले?

गणिताचे अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकागोला गेलेला विद्वान पुढे सह्याद्रीतल्या घाटवाटा, दगडी हत्यारे आणि गावदेवतांच्या मागे का लागला? परदेशी विद्यापीठातील फेलोशिपचा खरा उपयोग कशावरून मोजायचा? दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या आयुष्यातून या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे वैशाखरे गाव लागते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग असते. गाव मागे टाकले की थोड्या अंतरावर नाणेघाटाची पायवाट सुरू होते. वर पोहोचणारा बहुतेक पर्यटक दगडी रांजणापाशी फोटो काढतो, गुहेत डोकावतो, वारा अंगावर घेतो आणि उतरतो. गुहेच्या भिंतीवरची अक्षरे सहसा कुणी वाचत नाही.

ही अक्षरे, हा घाट आणि पलीकडच्या जुन्नरच्या लेण्या यांना एका धाग्यात ओवून दख्खनचा प्राचीन इतिहास मांडणाऱ्यांत डी. डी. कोसंबी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. विशेष म्हणजे त्यांचे शिक्षण इतिहासाचे नव्हते. ते गणिती होते. हार्वर्डचे पदवीधर, युनेस्कोचे फेलो आणि शिकागो विद्यापीठातील अभ्यागत प्राध्यापक.

नाणेघाट इतका महत्त्वाचा का?

सोपारा आणि कल्याण ही प्राचीन बंदरे. तिथे उतरलेला माल सातवाहनांच्या पैठणपर्यंत न्यायचा, तर मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. ती ओलांडण्याच्या मोजक्या वाटांपैकी एक म्हणजे नाणेघाट. कोकणाच्या बाजूला आजचे वैशाखरे, घाटमाथ्यावर जुन्नर. या वाटेने बैलांचे आणि गाढवांचे तांडे ये-जा करत. माथ्यावरचा रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरेने सांगितले जाते.

गुहेत ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणेची यादी आहे : हजारो गाई, घोडे, हत्ती आणि नाणी. त्यातले अंक भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणले जातात. शेजारी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे उरली आहेत.

इतिहासकार अशा लेखातून सहसा राजांची वंशावळ काढतात. कोसंबींना त्याशिवाय आणखी काही प्रश्न पडत. एवढ्या गाई येत कुठून? नाणी कुणाच्या हातून फिरत? व्यापारी वाटेवरच राजाने आपले नाव का कोरले? घाटाच्या तोंडाशीच बौद्ध विहार का उभे राहिले? असे प्रश्न विचारण्याची सवय त्यांना कुठून लागली, हे समजण्यासाठी त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते.

वडिलांच्या हार्वर्डवारीत काय घडले?

दामोदर यांचे वडील म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी, पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. गोव्यातील सांकवाळला १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला. औपचारिक शिक्षण जेमतेम. बुद्धाच्या शिकवणीचा मूळ शोध घ्यायचा, या ध्यासाने १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरत ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले. तिथे त्यांनी भिक्षुदीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास केला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना मराठीत लेखन करण्यासाठी दरमहा वेतन सुरू केले.

हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्याशी झालेल्या परिचयातून १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले. काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी अभ्यासकाने ते सुरू केले होते, पण १८९९ मध्ये त्याचे निधन झाल्याने ते अपुरे राहिले होते. हार्वर्ड प्राच्यविद्या ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली धर्मानंदांनी ते पुढे नेले.

मग वाद झाला, तो श्रेयाचा. संपादक म्हणून कुणाचे नाव कुठे आणि कसे छापायचे, यावर लॅनमन आणि धर्मानंद यांचे जमले नाही. धर्मानंद १९१२ मध्ये काम अर्धवट सोडून परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. परदेशी विद्यापीठाने बोलावणे वेगळे आणि तिथे बरोबरीने वागवणे वेगळे, हा धडा त्यांना महागात मिळाला.

तरीही ग्रंथ त्यांनी सोडला नाही. त्यासाठी १९१८ पासून ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. त्यांनी स्वतः तयार केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती निघायला मात्र १९५० उजाडले. त्याआधीच, ४ जून १९४७ रोजी, सेवाग्रामला धर्मानंदांचे निधन झाले होते.

अकरा वर्षांचा मुलगा अमेरिकेत काय शिकला?

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील १९१८ मध्ये दुसऱ्यांदा हार्वर्डला निघाले, तेव्हा त्यांनी दामोदर आणि थोरली मुलगी माणिक यांना बरोबर नेले. दामोदर तेव्हा अकरा वर्षांचे होते. केंब्रिज गावातल्या शाळेत ते शिकले, बॉय स्काउट झाले, डोंगर-रानात भटकायला शिकले. उत्तम गुणांमुळे हार्वर्डची प्रवेश परीक्षा त्यांना माफ झाली.

मधला काही काळ ते भारतात येऊन राहिले. वडील तेव्हा अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. जानेवारी १९२६ मध्ये पितापुत्र पुन्हा अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कहॉफ या नामवंत गणितज्ञाकडे दामोदर यांनी गणिताचे धडे घेतले. त्यांनी गणितावरच लक्ष द्यावे, असे बर्कहॉफ यांना वाटे. दामोदर मात्र एका विषयात मावणारे नव्हते. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन ते भारतात परतले. डॉक्टरेट त्यांनी कधीच घेतली नाही.

परतल्यावर संशोधन थांबले का?

उलट वाढले. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी गणित शिकवले. नंतर अलिगडला गेले. तिथे गणित विभागाची धुरा आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाकडे होती आणि त्यांनीच कोसंबींना बोलावले होते. पुढे हेच वेल विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञ ठरले. त्यानंतर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि सुमारे बारा वर्षे तिथे शिकवत राहिले. एकेकाळी वडील जिथे पाली शिकवत, तिथेच मुलगा गणित शिकवू लागला.

या काळातील त्यांची तीन कामे आजही जगभर वापरली जातात.

पहिले भूमितीतले. एखादी वस्तू किंवा प्रणाली काळानुसार कशी बदलते, हे सांगणाऱ्या समीकरणांचा भूमितीच्या अंगाने अभ्यास त्यांनी १९३३ मध्ये मांडला. फ्रान्सचे एली कार्तान आणि चीनचे शिंग-शेन चर्न यांनी ते काम पुढे नेले. म्हणून तो सिद्धान्त कोसंबी-कार्तान-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो.

दुसरे संख्याशास्त्रातले. गुंतागुंतीचा, सतत बदलणारा संकेत थोड्या साध्या घटकांत कसा मांडायचा, याची पद्धत त्यांनी १९४३ मध्ये दिली. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट नंतर मांडली. जगात बराच काळ फक्त त्या दोघांचे नाव चालले. आता अनेक अभ्यासक कोसंबींचे नाव त्यांच्या आधी जोडतात. प्रतिमा साठवणे, आवाज ओळखणे अशा कामांत ही पद्धत उपयोगी पडते.

तिसरे आनुवंशशास्त्रातले. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके एकमेकांपासून किती लांब आहेत, हे पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी होतात यावरून काढले जाते. पण गुणसूत्राच्या एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता घटते. हा परिणाम धरून अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये अवघ्या चार पानांच्या लेखात दिले. भात, गहू यांसारख्या पिकांचे जनुकीय नकाशे करणारे संशोधक आजही ‘कोसंबी फलन’ वापरतात. त्यांतल्या अनेकांना हे कोसंबी म्हणजे इतिहासकार कोसंबीच, हे माहीतही नसते.

१९४८-४९ ची फेलोशिप नेमकी काय होती?

होमी भाभा यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. त्यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९४६ मध्ये तिथे गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. संस्था तेव्हा पेडर रोडवरच्या एका बंगल्यात होती.

दोन वर्षांनी, १९४८-४९ मध्ये, त्यांना युनेस्कोची फेलोशिप मिळाली. काम होते इंग्लंड आणि अमेरिकेत जाऊन इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास करण्याचे. संगणक हा शब्द तेव्हा मराठीत यायचा होता. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारे पहिले यंत्र जून १९४८ मध्ये सुरू झाले होते. केंब्रिजचे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. म्हणजे ही विद्या जन्म घेत होती त्याच वेळी, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा एक गणिती ती पाहायला निघाला होता.

याच दौऱ्यात, १९४९ मध्ये, ते शिकागो विद्यापीठात भूमितीचे अभ्यागत प्राध्यापक झाले. गणित विभागाचे प्रमुख होते मार्शल स्टोन, कोसंबींच्या हार्वर्डच्या दिवसांतले परिचित. स्टोन तेव्हा जगभरातून उत्तमोत्तम गणितज्ञ गोळा करत होते. अलिगडला कोसंबींना बोलावणारे आंद्रे वेल आता शिकागोत होते. चर्न हेही त्याच वर्षी तिथे प्राध्यापक झाले.

एप्रिल-मे १९४९ मध्ये कोसंबी प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत होते. तिथे रॉबर्ट ओपेनहायमर, हर्मन वाइल, जॉन फॉन नॉयमन, कार्ल लुडविग सिगल अशा दिग्गजांशी त्यांच्या चर्चा झाल्या. फॉन नॉयमन त्याच काळात प्रिन्स्टनमध्ये स्वतःचे गणनयंत्र उभारत होते. लंडनमध्ये कोसंबींचा भारतविद्येचे अभ्यासक ए. एल. बाशम यांच्याशी स्नेह जुळला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

फेलोशिप आणि अभ्यागत प्राध्यापकपद यांत फरक काय?

दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. फेलोशिपमध्ये एखादी संस्था किंवा सरकार अभ्यासकाला ठरावीक कामासाठी, ठरावीक काळापुरता पैसा देते. अभ्यागत प्राध्यापकाला विद्यापीठ स्वतः नेमते. त्याने वर्ग घ्यायचे, चर्चासत्रांत भाग घ्यायचा आणि मुदत संपली की आपल्या मूळ संस्थेत परत जायचे, अशी अपेक्षा असते. कोसंबींच्या दौऱ्यात दोन्ही एकत्र आले. युनेस्कोच्या पैशावर त्यांनी यंत्रांचा अभ्यास केला आणि शिकागोत ते शिक्षक म्हणून उभे राहिले.

आजची परिचित योजना म्हणजे फुलब्राइट. अमेरिकेत ती १९४६ मध्ये सुरू झाली. भारताबरोबरचा करार १९५० मध्ये झाला. २००८ पासून दोन्ही देश मिळून खर्च उचलतात आणि योजनेच्या नावात नेहरूंचे नाव जोडले गेले आहे. तिच्यातही प्राध्यापकांना शिकवणे, संशोधन किंवा दोन्ही, असे पर्याय असतात. मुदत संपल्यावर मायदेशी परतून दोन वर्षे राहिल्याशिवाय अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी अर्ज करता येत नाही, अशी अट असते. जे शिकलात त्याचा उपयोग आधी घरी करा, हा त्यामागचा विचार.

कोसंबींनी परत येऊन काय केले?

ते मुंबईतल्या नोकरीवर परतले. पण त्यांचे लक्ष हळूहळू दुसरीकडे वळत होते. त्याची सुरुवात दौऱ्याच्या आधीच झाली होती आणि निमित्त होते नाणी.

संख्याशास्त्राची पद्धत तपासायला कोसंबींना भरपूर आणि खरी आकडेवारी हवी होती. नाणे हातोहात फिरते, झिजते, त्याचे वजन घटते. किती वर्षांत किती घटते, हे कळले तर उलट्या बाजूने हिशेब करून जुने नाणे किती काळ चलनात होते ते काढता येईल. त्यांनी आधी रोजच्या चलनातली नाणी बारीक तराजूवर तोलली. मग तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या आहत नाण्यांकडे मोर्चा वळवला. हजारो वजनांतून त्यांनी नाण्यांचा काळानुसार क्रम लावला. लेख किंवा राजाचे नाव नसलेली ही नाणी आता तारखा सांगू लागली.

पण नाणी पाडली कुणी आणि का? त्यासाठी जुने ग्रंथ वाचावे लागले. संस्कृतकडे ते वळले ते याच वाटेने. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते तुलना करून त्यांनी संशोधित आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. वि. वि. गोखले यांच्यासह संपादित केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्यविद्या ग्रंथमालेत आला. ज्या मालेत वडिलांच्या नावावरून वाद झाला होता, त्याच मालेच्या पुढच्याच ग्रंथावर आता मुलाचे नाव संपादक म्हणून छापले गेले. वडिलांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा मालेतला ४१ वा ग्रंथ, मुलाचा ‘सुभाषितरत्नकोश’ ४२ वा.

घाटवाटांपर्यंत ते कसे पोहोचले?

ग्रंथ राजदरबाराचे आणि पुरोहितांचे सांगतात. शेतकरी, धनगर, कारागीर यांच्याबद्दल ते जवळपास गप्प असतात. ही पोकळी भरायची तर गावात जावे लागेल, हे कोसंबींनी ओळखले. पुण्यात भांडारकर रस्त्यावर त्यांचे घर होते. मागेच टेकडी. तिथे फिरताना त्यांना बारीक दगडी पाती सापडू लागली, अश्मयुगातल्या माणसांची हत्यारे. हाती लोखंडी टोकाची काठी, खांद्याला पिशवी अशा थाटात ते मैलोन्‌मैल चालत. ही पाती कुठे सापडतात, याची नोंद ठेवता ठेवता त्यांच्या लक्षात आले की त्या जागा रांगेने जातात. धनगरांच्या मेंढ्या पावसाळ्याआधी आणि नंतर ज्या वाटांनी सरकतात, त्याच वाटांवर अनेकदा ही पाती आणि गावाबाहेरच्या देवींची ठाणी सापडत.

म्हणजे माणसांच्या वाटा हजारो वर्षे फारशा बदलल्या नव्हत्या. पहिल्यांदा शिकार-मेंढपाळी करणारे त्यांवरून गेले, मग व्यापाऱ्यांचे तांडे, मग भिक्षू. कार्ल्याची लेणी बोरघाटाच्या तोंडाशी, जुन्नरच्या लेण्या नाणेघाटाच्या माथ्यापलीकडे. एरवी एकांत शोधणाऱ्या भिक्षूंचे विहार नेमके वाहत्या वाटेवर का, याचे कोसंबींनी दिलेले उत्तर आर्थिक होते. विहार तांड्यांना निवारा देत, व्यापारी विहारांना दान देत आणि विहारांकडे साठलेले धन पुन्हा व्यापारात फिरत असे. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. त्यांवर कोसंबींनी १९५५ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला.

जुन्नरचे एक उदाहरण त्यांची पद्धत चांगली दाखवते. तिथल्या एका डोंगरातल्या लेण्यात मानमोडी देवीची पूजा होते. लेण्यांतल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात त्या जागेचे नाव मानमुकुड असे येते. भिक्षू आले आणि गेले, गावकऱ्यांच्या तोंडातले जागेचे जुने नाव मात्र देवीच्या रूपाने टिकले. शिलालेख वाचणारे पंडित ते वाचून थांबत. पुजारणीशी बोलणारे कोसंबी दोन्ही टोके जोडत.

याच नजरेने नाणेघाटाचा लेख पाहिला तर त्यात संक्रमणात असलेला समाज दिसतो. गुरांचे कळप ही अजून मोठी संपत्ती आहे, पण शेजारी नाण्यांचीही मोजदाद आहे. राजघराणे वैदिक यज्ञ करते आहे आणि त्याच राजवटीत वाटेवरचे बौद्ध विहार भरभराटीला येत आहेत. या मांडणीतून ‘अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ हा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये आला. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ १९६२ मध्ये, तर ‘द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया’ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय इतिहासलेखन राजांच्या कालक्रमाकडून उत्पादन, व्यापार आणि समाजाकडे वळले, त्यात या पुस्तकांचा मोठा वाटा आहे. कोसंबी मार्क्सवादी होते, पण मार्क्सच्या चौकटीत भारत जसाच्या तसा बसवणे त्यांना मान्य नव्हते.

मग नोकरी का गेली?

शीतयुद्धाच्या काळात कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरले. जागतिक शांतता परिषदेचे ते सदस्य होते. त्यासाठी त्यांनी चीन, सोव्हिएत संघ, फिनलंड असे दौरे केले. दुसरीकडे अणुऊर्जेवर त्यांचे मत सरकारी धोरणाच्या विरुद्ध होते. भारतात ऊन मुबलक आहे, इंधन आयात करावे लागत नाही, तेव्हा सौरऊर्जेवर संशोधन व्हावे, असे ते १९५० च्या दशकापासून मांडत होते. देशाच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होते होमी भाभा, म्हणजे त्यांच्याच संस्थेचे प्रमुख. सुरुवातीचा स्नेह आटत गेला.

त्यात गणितातही एक मोठी चूक झाली. रीमान गृहीतक हा मूळ संख्यांविषयीचा जगप्रसिद्ध, आजवर न सुटलेला प्रश्न. संभाव्यतेच्या मार्गाने आपण तो सोडवला, असा दावा कोसंबींनी केला आणि तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी सिद्धता अमान्य केली आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. इतिहासात इतका वेळ घालवणारा माणूस गणितात मागे पडला, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे बळ मिळाले.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. वय ५५ च्या आसपास, नावावर जागतिक कीर्तीचे शोध, शिकागो-प्रिन्स्टनचा अनुभव आणि हाती पद नाही. वर्षानुवर्षे दख्खनच्या राणीने पुणे-मुंबई ये-जा करणारा हा प्रवासी आता घरी बसून लिहू लागला. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना जागा मिळाली.

२९ जून १९६६ च्या पहाटे हृदयविकाराने झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८. घाटवाटा, पाती आणि देवींच्या ठाण्यांविषयीचा त्यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात १९६७ मध्ये, मृत्यूनंतर आला. भारत सरकारने ३१ जुलै २००८ रोजी त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. त्यांच्या कन्या, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी पुढे आजोबांचे लेखन इंग्रजीत आणले.

आजच्या अभ्यासकांसाठी याचा अर्थ काय?

परदेशी विद्यापीठाचे निमंत्रण आले की आपल्याकडे अभिनंदनाचे फलक लागतात. कोसंबी पितापुत्रांच्या आयुष्यात मात्र निमंत्रण हा मधला टप्पा होता. धर्मानंदांना तिथे ग्रंथसंपादनाची शिस्त मिळाली, पण श्रेयासाठी भांडावे लागले. दामोदर यांना समकालीन श्रेष्ठ गणितज्ञांची सोबत मिळाली, पण त्या सोबतीने मायदेशातली नोकरी वाचली नाही. गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी दौरा झाला, पण त्यांचे सर्वांत टिकाऊ पुस्तकी काम यंत्रांवर नाही, तर घाटांवर झाले. दौऱ्याच्या अहवालात जे लिहिता येत नाही, तेच कधी कधी त्याचे खरे फलित असते : मोजण्याची सवय, पुरावा तपासण्याची शिस्त आणि कुठल्याही विषयाच्या दारावर थबकून न राहण्याचे धैर्य.

हे धैर्य धोक्याचेही असते, हे रीमान प्रकरणाने दाखवले. जी बेफिकिरी त्यांना नाण्यांकडून शिलालेखांकडे आणि शिलालेखांकडून गावदेवतांकडे घेऊन गेली, तीच त्यांना न सुटणाऱ्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापाशीही घेऊन गेली. त्यांच्या इतिहासातले अनेक निष्कर्षही पुढच्या संशोधकांनी दुरुस्त केले आहेत. पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत राहिली.

मुरबाड तालुक्यातल्या विद्यार्थ्याला हार्वर्ड लांब वाटणे स्वाभाविक आहे. पण कोसंबींनी वापरलेला पुरावा त्याच्या दारात आहे. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढताना पायाखाली येणारे झिजलेले दगड, वाटेवरची खोदलेली पाण्याची टाकी, रानातली शेंदूर लावलेली देवी आणि गुहेतली अक्षरे. कोणत्या देवीला कुठल्या गावचे लोक येतात, जुनी माणसे वाटेला काय म्हणतात, गुरे कुठून कुठे जात, हे विचारायला फेलोशिप लागत नाही. एक वही लागते आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना चालण्याची तयारी लागते.